यंत्राने वाचलेली विहीर

कचेरीच्या फाटकासमोर जी चिंच आहे, तिच्या सावलीत माझे टेबल आहे. त्या टेबलावर बसून मी या जिल्ह्याच्या निम्म्या दुःखांना शासनास समजेल अशी भाषा दिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. माझे शालेय शिक्षण आठवीत थांबले. परंतु लेखनाचे शिक्षण मी अशा उस्तादांकडून घेतले, ज्यांचे वडील निजामाच्या अमलात उर्दूत अर्ज लिहीत असत. ‘गरीबपरवर’पासून ‘मेहेरबान साहेब’पर्यंतचा सर्व थाट त्यांनी मराठीत आणला आणि मी तो घासून-पुसून आजच्या कचेरीस शोभेल असा केला. लोक मला रायटरसाहेब म्हणतात. परवान्यावर मात्र अर्जनवीस असेच छापलेले आहे, आणि तो शब्द मला अधिक आवडतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक टंकलेखक बसतात. आम्ही सर्वजण त्यांना भाई म्हणतो. मी सांगावे आणि भाईंनी टंकावे, ही आमची व्यवस्था त्यांच्याकडे टंकयंत्र होते तेव्हापासूनची. पुढे त्यांनी संगणक घेतला, त्यास गाडीच्या बॅटरीची जोड दिली आणि चिंचेच्या फांदीस एक छत्री बांधली. भाई मला उस्ताद म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे इतक्या वर्षांत मला नक्की सांगता येत नाही.

मी सांगतो तो काळ ओळीने पडलेल्या दुष्काळांचा. तेव्हा अर्जाच्या माथ्यावर शहराचे जुने नाव लिहिले जाई. पैठणच्या धरणात चिखल उघडा पडला होता, आणि त्याच वर्षांत शहर मात्र चारही दिशांनी फुगत होते. वाळूजच्या रस्त्याला कामगारांच्या बसगाड्या आणि पाण्याचे टँकर एकमेकांस वाट देत नसत. जेथे आदल्या वर्षी ज्वारीची धाटे होती तेथे गृहसंकुलांच्या पाट्या लागत, आणि त्या पाट्यांवर निळ्याशार तलावात पोहणारी मुले रंगवलेली असत. त्या पाट्यांखालून माणसे माझ्याकडे पाण्याचा अर्ज लिहून घेण्यास येत.

अशाच एका दुपारी फुलंब्रीकडचे एक मेंढपाळ गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आले. ते माझे जुने अर्जदार. चराईचा अर्ज, मेंढ्यांच्या लसीचा अर्ज, वस्तीवर टँकर मिळावा म्हणून अर्ज, असे त्यांचे बरेच कागद माझ्या हातून गेले होते. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत थेट पाहण्याची सवय. मुलीच्या पाठीवर संगणकाची पिशवी होती.

त्यांनी प्रास्ताविक केले नाही. म्हणाले, “रायटरसाहेब, ही माझी लेक. शहरात मशीनला वाचाय शिकवती. तिला तुमच्याशी काम हाय.”

मुलीने मला काका म्हटले आणि बाकावर बसून सगळे समजावून सांगितले. शहरातील एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात ती शिकत होती आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी तिला एक काम दिले होते. आंतरजालावर मराठीत जी पाने पडलेली आहेत, ती संगणकाने आपली आपण वाचावीत आणि त्यांतून ज्ञान गोळा करावे, असे ते काम. गाव कोणते, तालुका कोणता, नदी कोणती, कोणत्या गावी काय पिकते, पाणी कोठून येते. प्रारंभी तिने यंत्राला गावांची थोडी नावे हाताने दिली. मग यंत्राने ती नावे जेथे जेथे आली ती वाक्ये पाहिली, आणि नावाच्या मागेपुढे कोणते शब्द येतात ते ध्यानात ठेवले. त्याच शब्दांच्या शेजारी जी नवी नावे दिसली, तीही गावेच असावीत असा तर्क केला. त्या नव्या नावांवरून पुन्हा नवे शब्द. अशा रीतीने ते रोज वाचत होते आणि रोज वाढत होते. एखादी गोष्ट एकाच पानावर दिसली तर ते संशय धरी. पुष्कळ पानांवर दिसली की विश्वास ठेवी.

“पण काका, त्याला सांगणारं कुणीतरी लागतं,” ती म्हणाली. “हे बरोबर, हे चूक. अन् ते जी पानं वाचतंय त्यात निम्मी भाषा कचेरीची हाय. मौजे, सदर, उपरोक्त. मला ती येत नाय, सरांनाबी नाय.”

मी खुर्चीत नीट बसलो. ही भाषा ज्यास येते असा मनुष्य त्यांना या चिंचेखालीच सापडावा, यात मला नवल वाटले नाही.

निघताना मेंढपाळ गृहस्थांनी मला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली. दिवाळीआधी बाहेरगावाहून तपासणीला लोक येणार होते. त्यांना काम पटले तर मुलीची जागा पुढे चालू राहणार, नाही पटले तर ते कामच बंद होणार. दिवाळीनंतर कळप गोदावरीच्या अंगाला चारणीस निघतो. घरात हात कमी पडत होते आणि मुलीच्या आईच्याने आता चालवत नव्हते. बापलेकींत ठरले होते ते इतकेच, की जागा टिकली तर तिने शहरात राहावे, नाही तर कळपामागे यावे. यात राग नव्हता की सक्ती नव्हती. “तिला मेंढरं येत्यात चांगली,” ते म्हणाले. “पण तिचं मन तिकडं ऱ्हायलंय आता.”

त्या दिवसापासून कचेरीची खिडकी बंद झाली की मुलगी चिंचेखाली येऊ लागली. भाई तिच्या संगणकाला आपल्या बॅटरीवर जागा करून देत. यंत्र आदल्या दिवशी जे जे शिकले असेल ते ती वाचून दाखवी आणि मी होय किंवा नाही असा निर्णय देई. कोणी अर्जदार उशिरा आलाच तर मी त्यास हाताने थांबण्याची खूण करी, कारण एका यंत्राचे शिक्षण चालू असताना मध्येच उठणे मला प्रशस्त वाटत नसे.

त्या यंत्राची बुद्धी मला आवडू लागली. ते मूर्ख नव्हते. परक्या मुलखातून आलेल्या हुशार माणसासारखे होते. एके दिवशी त्याने जाहीर केले की या राज्यातील बहुतेक सर्व तहसीलदारांचे पहिले नाव मेहेरबान आहे. भाई हसून हसून खाली बसले. मी मात्र यंत्राची बाजू घेतली. प्रत्येक अर्जात साहेबांच्या आधी हा शब्द आला असेल, तर त्या बिचाऱ्याने दुसरे काय समजावे? दुसऱ्या एका दिवशी त्याने दुष्काळ हा सण असल्याचे सांगितले. दिवाळी, पोळा आणि दुष्काळ एकाच रांगेत. दरवर्षी येतो, लोक त्याची तयारी करतात, पाहुणे येऊन पाहणी करून जातात, हे सर्व त्याने पानांवर वाचले होते. मी नाही असे सांगितले, परंतु सांगण्यास मला किंचित वेळ लागला. आणि जेव्हा त्याने नदी, विहीर, तलाव यांच्या शेजारी टँकर हाही पाण्याचा स्रोत म्हणून मांडला, तेव्हा मुलगी ते खोडायला निघाली होती. मी तिचा हात थांबवला आणि होय म्हणालो. आमच्या भागात ते खरे होते.

मुलीचा चेहरा त्या दिवसांत उजळत गेला. प्रत्येक गावासमोरचे रकाने भरत होते. सरही समाधानी आहेत असे ती सांगे. माझ्या ओळखीच्या चार वकिलांना मी या कामाबद्दल कळवले. त्यांना त्याचे महत्त्व कितपत समजले हे सांगता येत नाही.

मग एका मंगळवारी मेंढपाळ गृहस्थ एसटीने आले. फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधून आणली होती. आम्ही चौघांनी ती चिंचेखाली खाल्ली. हात पुसून मुलीने मोठ्या हौसेने संगणक उघडला आणि म्हणाली, आबा, यंत्राला आपली वस्तीबी ठाऊक झाली. मग तिने वाचून दाखवले. वस्तीचे नाव बरोबर होते, तालुका बरोबर होता, व्यवसाय मेंढपाळी हेही बरोबर होते. “पाण्याचा स्रोत, एकमेव सार्वजनिक विहीर. स्थिती, पूर्णतः कोरडी.”

मेंढपाळ गृहस्थांनी तोंडातला शेवटचा घास चावून गिळला. मग विचारले, “कुणाच्या वस्तीला विहीर हाय?”

“आपल्या.”

“आपल्या?” ते माझ्याकडे वळले. “रायटरसाहेब, तुमच्या या मशीनला म्हणावं, चल, दाखव कुठं हाय ती विहीर. कोरडी तर कोरडी. आम्ही गाळ काढू की. जन्म गेला तिथं, मला कशी नाय दिसली?”

आणि ते मोकळेपणाने हसले. भाईही हसले. मुलगी हसली नाही. तिला ठाऊकच होते, वस्तीवर विहीर कधी नव्हती; नाल्यात खड्डा करून तिथले पाणी पीत ती वाढली होती. यंत्राचे उत्तर वाचताना तिने रकाना भरलेला पाहिला, काय भरले आहे ते पाहिले नाही.

येथे मला एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिचे मर्म आमच्या व्यवसायाबाहेरच्या माणसास चटकन उमगणार नाही. ते वाक्य माझे होते. ‘सदर ठिकाणी पिण्याच्या पाण्याकरिता एकमेव सार्वजनिक विहीर असून ती पूर्णतः कोरडी पडलेली आहे, सबब अर्जदारांसह गुराढोरांचे अतोनात हाल होत आहेत.’ टँकरच्या अर्जात मी हे वाक्य नेहमी घालतो. विहीर असो वा नसो. विहीरच नाही असे लिहिले, तर कागद टँकरच्या टेबलावरून उठून नव्या विहिरीच्या टेबलावर जाऊन बसतो आणि तिकडे त्याचा पावसाळा केव्हा उजाडेल याचा नेम नसतो. कोरडी विहीर लिहिली की काम सरळ होते. मेंढपाळांच्या वस्तीवर त्या वर्षी टँकर आला तो त्या विहिरीच्या आधारावरच. नसलेल्या विहिरीने खरे पाणी आणले. मी त्या वाक्याबद्दल तेव्हाही खेद मानला नाही आणि आजही मानत नाही.

परंतु मुलगी तोवर दुसऱ्या गावांचे रकाने उघडू लागली होती. शेजारचे गाव, एकमेव सार्वजनिक विहीर, पूर्णतः कोरडी. त्यापलीकडचे गाव, तेच. पैठणकडची गावे, तीच विहीर. ज्या गावांत दोन-दोन नळयोजना आहेत तेथेही यंत्राला एकच विहीर दिसत होती, आणि तिच्यावर त्याचा विश्वास पक्का होता, कारण ती पुष्कळ पानांवर लिहिलेली होती.

हे झाले कसे, ते भाईंनी उलगडले. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडची एक फाईल कोणा सेवा केंद्रवाल्याने नमुना म्हणून नेली होती. त्याने ती अर्जांचे नमुने देणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकली असावी. तेथून जिल्ह्यातल्या आणि जिल्ह्याबाहेरच्या दुकानदारांनी ती उतरवली, गावाचे नाव बदलले, एखादा शब्द मागेपुढे केला आणि तक्रारींच्या पानांवर चढवली. आमचे मूळ अर्जही कचेरी त्याच पानांवर चढवीत असे.

खरे सांगतो, ते ऐकताच माझा ऊर भरून आला. चिंचेखाली बसून रचलेले एक वाक्य राज्यभर फिरत होते आणि मला पत्ताही नव्हता. मी भाईंना ते दोनदा पुन्हा सांगायला लावले. तिचा बाप तिच्याकडे पाहत होता. शेवटी तो उठला, फुलंब्रीची गाडी सुटेल म्हणाला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला. तो गेल्यावर ती माझ्याशी बोलली.

“काका, वाक्य वाईट नाय. पण बोलणारं तोंड एकच हाय, अन् यंत्राला वाटतंय सगळा जिल्हा बोलतोय.”

यावर उपाय काय, असे मी विचारले. तिने सांगितले की हुबेहूब नकला असत्या तर यंत्राने त्या आधीच ओळखल्या असत्या. या नकला शब्दाशब्दाने फिरवलेल्या आहेत. मूळ वाक्ये कोणती ते माझ्याइतके कोणास ठाऊक नाही. माझी ठरलेली वाक्ये मी सगळी सांगावीत. ती आणि त्यांच्यासारखी दिसणारी वाक्ये यंत्राने वाचावीत, पण त्यांवरून काहीही शिकू नये, असे ती त्यास सांगणार होती.

वाचावीत, पण शिकू नये. हे शब्द मला लागले. ज्या वाक्यांनी टँकर आले, पेन्शनी सुरू झाल्या, रस्त्यांवर मुरूम पडला, ती वाक्ये मीच एकेक करून सांगायची आणि त्यांच्यापुढे फुली मारून घ्यायची. मी म्हणालो, विचार करून सांगतो. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी एका अर्जात जरुरीपेक्षा अधिक वेळ गुंतून राहिलो. ती थोडी थांबली आणि परत गेली. तिसऱ्या दिवशीही तसेच झाले.

तिसऱ्या दिवशी ती गेल्यावर भाईंनी संगणकावरची बोटे उचलली. “उस्ताद, पूरे जिल्हे ने तुम्हारे जुमले चोरी किए, तब तुम खुश हुए. अब एक पोरगी बोलती है इनको गिनो मत, तो मुँह कायको फुलाया?”

उर्दूत वाक्यास जुमला म्हणतात. भाई पुढे म्हणाले, “उसका बाप मेंढरां लेके निकलेगा दिवाळी बाद. फिर वो भी पीछे पीछे. तुम बैठो जुमले लेके.”

मी भाईंना म्हटले, तिला फोन लावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सांगू लागलो आणि ती उतरवून घेऊ लागली. माझी सर्व वाक्ये मला पाठ आहेत. ‘अर्जदार हा अत्यंत गरीब, निराधार असून त्याचे उपजीविकेचे अन्य कोणतेही साधन नाही.’ ‘वारंवार तोंडी विनंती करूनही दखल घेण्यात आलेली नाही.’ ‘तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतिपूर्वक विचार करावा.’ विहिरीचे वाक्य मी शेवटास ठेवले होते. ते सांगताना माझा आवाज अर्ज वाचून दाखवताना लागतो तसाच लागला. मुलीने मान वर केली आणि म्हणाली, काका, ऐकायला लई चांगलं वाटतं हे. त्यात चेष्टा नव्हती. मग तिने तेही लिहून घेतले.

सूचना घेऊन यंत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले. ते वाचून झाले तेव्हा तपासणी दोनच दिवसांवर आली होती, आणि मुलीचा चेहरा उतरला होता. भरलेले रकाने रिकामे झाले होते. गावामागून गाव, पाण्याचा स्रोत, माहीत नाही. जिल्ह्यातल्या विहिरी एका दुपारात बुजवल्यासारखे ते दिसत होते.

जे थोडे उरले होते ते मात्र नवे होते. एका गावासमोर लिहिले होते की तेथे आडात उतरायला दोर पुरत नाही. दुसऱ्यासमोर, शाळेच्या मुलांना घरून बाटली आणावी लागते. ती वाक्ये मी ओळखली. ती माझी नव्हती. अर्ज लिहून झाला की अर्जदार कधी कधी हट्ट धरतो, साहेब, एवढं टाकाच. ते व्याकरणात बसत नाही, विषयाशी जुळत नाही. तरी माणसाचा मान राखावा म्हणून मी ते सहीच्या वर टाकू देतो. नकला करणाऱ्यांनी ती वाक्ये निरुपयोगी म्हणून गाळली होती, म्हणून ती एकेकटीच राहिली होती. मेंढपाळांच्या वस्तीसमोर असेच एक होते. ‘आमच्यात आधी मेंढरे पाणी पितात, मग माणसे.’ ते कशाला, असे मी त्या दिवशी विचारले होते, आणि ते म्हणाले होते की टँकरवाल्याला कळाय पायजे, नाय तर तो माणसांपुरतंच पाणी आणतो. यंत्राने ते वाचले होते, पण त्यावर त्याचा भरवसा नव्हता. सांगणारा एकच होता. मुलीने स्वतः होय असे नोंदवले तेव्हा ते राहिले.

तपासणीच्या आदल्या दुपारी ती संगणक मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. आधीचे भरलेले रकानेही तिने जपून ठेवलेले होते. कोणते दाखवायचे, हे तिच्याच हाती होते.

“काका, ते लोक बाहेरगावचे,” ती म्हणाली. “त्यांना कुठं ठाऊक हाय, विहीर हाय का नाय.”

मी तिला माझ्या अनुभवाचे खरे ते सांगितले. साहेबापुढे रिकामा रकाना कधी ठेवू नये. रिकाम्या रकान्याचा कागद परत येतो. भाईंनीही मान हलवली. हा सल्ला मी आयुष्यभर दिला आहे आणि तो चुकलेला नाही. तिने तो ऐकला. मग म्हणाली, “उद्या आबा येणार हायेत बघायला. पहिल्या बाकावर बसत्याल. अन् विहीर दिसली की हसत्याल.”

एवढे बोलून तिने संगणक मिटला.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून तिच्या महाविद्यालयात गेलो. मेंढपाळ गृहस्थ खरोखरच पहिल्या बाकावर बसले होते, घोंगडी घडी करून मांडीवर. तपासणीस दोघे होते, एक बाई आणि एक वयस्क गृहस्थ. मुलीने भिंतीवर पडदा लावून यंत्र काय करते ते सांगितले. रिकामे रकाने जसजसे पुढे सरकू लागले तसतसे वयस्क गृहस्थ कागदावर काहीतरी टिपू लागले. इतके वाचून यंत्राला एवढेच कळले का, असे त्यांनी विचारले. मुलीने सांगितले, आधी पुष्कळ कळत होते, पण ते एकाच माणसाचे होते. तिने मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

मग त्या बाईंनी तिला तिचे गाव विचारले आणि म्हणाल्या, यंत्राला तुझ्या गावाबद्दल काय ठाऊक आहे, ते दाखव.

पडद्यावर वस्तीचे नाव आले. विहीर, माहीत नाही. पाणी, आधी मेंढरे, मग माणसे. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, सांगणारे, एक.

बाईंनी ते वाचले. “हा सांगणारा एक म्हणजे कोण?”

मुलगी काही बोलण्याआधी मेंढपाळ गृहस्थ उभे राहिले. घोंगडी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. हात जोडून म्हणाले, “मी, बाई. मीच सांगितलंय. खरं हाय ते.”

बाईंनी त्यांना बसायला सांगितले आणि मग बराच वेळ त्यांच्याशीच बोलत राहिल्या. मेंढरे आधी का, तर जनावराला तहान सांगता येत नाही, असे त्यांनी सांगितले. वयस्क गृहस्थांनी मुलीला विचारले की ज्या एकट्या माणसाचे खरे असते त्याला यंत्राने ओळखावे कसे. तिला ते अजून जमलेले नाही, असे ती म्हणाली. पुढच्या वर्षी तेच करायचे आहे.

चहा झाल्यावर तिचे सर बाहेर आले आणि त्यांनी सांगितले की काम चालू राहील, तिची जागाही राहील. मुलीने बापाकडे पाहिले. तो पडलेली घोंगडी झटकत होता. म्हणाला, “मंग तुला जाडजूड पांघरूण पायजे इथं. हीच ठिव.”

दिवाळी झाली. कळप निघायच्या आधी मेंढपाळ गृहस्थ एकटेच चिंचेखाली आले. मुलीला वसतिगृहात जागा मिळावी म्हणून अर्ज हवा होता. मी आसन सावरले, भाईंनी बोटे मोडली आणि मी नेहमीच्या चालीत सांगायला सुरुवात केली. अर्जदार ही अत्यंत गरीब, निराधार असून—

“थांबा,” ते म्हणाले. “निराधार कशापायी? मी हाय की.”

मी त्यांना समजावले की असे लिहावे लागते. त्याने काम सरळ होते.

“व्हय, पण ते मशीन वाचंल ना हे. त्याला खरं वाटंल.”

भाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांची बोटे थांबलेली होती. मी म्हणालो, खोडा. मग मेंढपाळ गृहस्थांना विचारले, काय लिहू? त्यांनी थोडा विचार केला. कळप पुढच्या आठवड्यात निघणार, गोदावरीकाठी जाणार, पाऊस पडेतो परतणार नाही, लेक शहरात एकटी राहणार, तिला संध्याकाळी दार लावून घेता येईल अशी खोली हवी. मी ते त्यांच्याच क्रमाने सांगितले आणि भाईंनी तसेच टंकले.

कागद फारच लहान दिसत होता. मी तो पुन्हा वाचला, शेवटी मेहेरबान साहेब तेवढे ठेवले, आणि सहीसाठी त्यांच्यापुढे केला.